सुनेच्या पाठीचा पत्रा

४ ऑक्टोबर

ही वही कारखान्यानं निरोपाच्या दिवशी दिली. सोबत एक भिंतीवरचं घड्याळ होतं, ते मी शेजारणीला देऊन टाकलं. एकतीस वर्षं ज्यांच्या भोंग्यावर उठले-बसले, त्यांनी मला आता वेळ दाखवायची गरज नाही. वही ठेवली. दिवसभर घरात कुणी नसतं आणि मला कुणाला तरी सुनावायचं असतं.

नोंद असावी म्हणून लिहिते. आमच्या कारखान्यात ऑपरेशनची टेबलं आणि औजारांचे स्टीलचे ट्रे होतात. शेवटचा हात माझा. पत्रा कापला की काठावर धातूची बारीक दातेरी कड उभी राहते, तिला आम्ही बर म्हणतो. ती काढायची, कड गोल करायची, पॉलिश करायचं आणि बोट फिरवून पास करायचं. माझ्या हातून गेलेल्या ट्रेवर एकाही नर्सचं बोट कापलेलं नाही.

तरी मला घरी बसवलं. नवा डॉक्टर आला होता, मिसरूडही धड फुटलेलं नाही. डोळे मिटा म्हणाला आणि बोटांना काहीतरी करत बसला. टोचतंय का, टोचतंय का. मी म्हटलं, आधी टोच तरी, मग विचार. आठवड्यानं कागद आला की आता आराम करा. खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पॉलिशचं नवीन मशीन आलंय आणि त्याला पगार द्यावा लागत नाही.

७ ऑक्टोबर

सूनबाईच्या माकडहाडावर आंब्याच्या कोयीएवढा काळानिळा डाग आहे. ती कपाटातून काही काढायला वाकली तेव्हा दिसला.

तिचं काम पाण्याखालचं. पुलांचे खांब आणि धक्क्याच्या भिंती खाली जाऊन तपासायच्या, कुठे तडा गेलाय ते टिपून आणायचं. माझा मुलगा बादलीत पाय घालतानाही विचार करतो आणि त्यानं करून आणली ही. लग्नाच्या वेळी मी काय बोलले ते आता उगाळत नाही. चार वर्षं झाली.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही आई, पत्रा लागतो. सवयीनं चालतं."

"चालतं म्हणजे काय? दाखव तो पत्रा."

तिनं पिशवीतून काढला. हवेची टाकी पाठीवर नुसती बांधत नाहीत. आधी पाठीला एक पत्रा, मध्ये पन्हाळीसारखा वळवलेला. त्या पन्हाळीमागे टाकी बसते, आणि पत्र्याच्या खाचांतून पट्टा ओवून तो अंगाला आवळायचा. कंपनीचे पत्रे सगळे एका मापाचे, सहा फुटी गड्यांच्या पाठीचे. हिची उंची माझ्या कानाइतकी. खालचं टोक बरोबर हाडावर बसतं.

मी पत्रा उजेडात धरला. पॉलिश ढगाळ. कडा मशीननं कशातरी मोडलेल्या. असला माल मी दारातून परत पाठवला असता. मी तिला सांगून टाकलं की तुझ्या मापाचा मी करते. सुनेचे लाड म्हणून नाही. पत्रा वाईट होता म्हणून.

९ ऑक्टोबर

डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो होतो, तिला काही बकलं घ्यायची होती. मी काउंटरवरच्या पत्र्यांची जाडी मोजायला टेप काढली. विक्रेता म्हणाला, "मावशी, ही स्वयंपाकघरातली वस्तू नाही. हे घरी बनत नाही."

मी म्हटलं, "तुझी बकलं तरी कुठे घरी बनतात? कुणीतरी बनवतंच ना."

तो हसला. त्याचं हसणं मला पुरलं. आज पुठ्ठ्याचा नमुना कापला. सूनबाईला स्वयंपाकघरात उभं केलं आणि मानेच्या मणक्यापासून कमरेच्या वळणापर्यंत माप घेतलं. ती गुदगुल्या होतात म्हणून हलत होती. दोनदा दटावलं. नेहमीच्यापेक्षा सहा सेंटीमीटर आखूड निघाला.

१३ ऑक्टोबर

पत्रा आणला. तीन मिलिमीटरचा, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा. गल्लीच्या तोंडाशी गेटं आणि ग्रिल करणारा आहे, त्याच्या मशीनवर मधली पन्हाळ वळवून घेतली. तो म्हणाला, ताई, टेबल बनवताय का? मी म्हटलं, सुनेची पाठ बनवतेय.

बाकी सगळं हाताचं. सात खाचा. चार खांद्यांच्या, दोन कमरेच्या, एक खाली मांड्यांमधल्या पट्ट्याची. खाचेच्या दोन टोकांना ड्रिल मारायचं, मधला भाग करवतीनं कापायचा आणि कानस चालवायची. मागच्या पडवीत जुनं टेबल आहे, त्याला पत्रा आवळून धरायचा व्हाइस ठोकला. मुलगा म्हणाला, भिंत हलतेय. हलू दे.

वजन पावणेतीन किलो भरलं. मला वाटलं जास्त झालं. सूनबाई म्हणाली, उलट बरं, तेवढं शिसं कमरेला कमी बांधावं लागेल. पाण्यात माणूस तरंगतो, म्हणून खाली जायला ओझं हौसेनं बांधतात म्हणे. पाठीवरचं ओझं जड आहे म्हणून सासूला शाबासकी देणारी सून पहिल्यांदाच पाहिली.

१६ ऑक्टोबर

सातही खाचा झाल्या. आतल्या-बाहेरच्या मिळून चौदा कडा, प्रत्येक कडेवर बोट फिरवून पास केली. लोण्यासारख्या. कानस जरा बोथट आहे, हातात नीट बसत नाही, दोनदा गळून पडली. हल्ली औजारांच्या मुठी गुळगुळीत करतात. शर्टाची बटणंही असली बारीक करतात की सकाळी धरवत नाहीत. थंड पाण्यानं बोटं पांढरी पडतात ते वेगळंच.

संध्याकाळी चहाचं पातेलं उतरवलं तर मुलगा ओरडला, "आई, फडकं घे, फडकं." बघते तर तर्जनीवर फोड. मला काही वाटलंसुद्धा नाही. एकतीस वर्षं स्टील हाताळल्यावर कातडं असं तयार होतं. हे त्या डॉक्टरला दाखवायला हवं.

१९ ऑक्टोबर

आज भाऊ पट्टा घेऊन आला. माझा धाकटा, ताडपत्र्या शिवतो. ट्रकवरच्या, मांडवांच्या, कशाच्याही. दोन इंची नायलॉनचा पट्टा, चार मीटर, मधे एक सांधा नाही. पत्र्याचं गुपित त्यातच आहे असं सूनबाई सांगते. एकच सलग पट्टा. मानेजवळच्या खाचांतून निघून दोन्ही खांद्यांवरून पुढे, बगलेखालून मागे कमरेच्या खाचांत, तिथून पोटावर येऊन एका बकलात. शिलाई नाही, म्हणून उसवायचं भय नाही. मात्र एकच आहे म्हणून कुठेही तुटला की सगळंच सुटलं. टाकी पाठीवरून निसटणार, आणि तोंडातली हवेची नळी टाकीलाच जोडलेली.

"ताई, हा पट्टा हत्ती बांधलास तरी तुटणार नाही," भाऊ म्हणाला.

"मला हत्ती नाही, सून बांधायचीय."

"मग दोन पदरी घे," म्हणाला आणि सूनबाईसकट सगळे हसले. मी पण हसले. त्यानं मांड्यांमधल्या पट्ट्याचा फास त्याच्या मोठ्या मशीनवर शिवून आणलाय. टाका बघण्यासारखा आहे. आमच्या घराण्यात हात चांगले आहेत.

२२ ऑक्टोबर

पोहण्याच्या तलावात चाचणी. मी काठावर उभी. सूनबाई खाली गेली, वर आली, उलटी झाली, सुलटी झाली. बाहेर येऊन म्हणाली, "आई, पाठ आहे असं वाटतच नाही." तिचं कौतुकाचं बोलणं असलंच असतं. तिच्याबरोबरच्या दोन मुलींनी पत्रा हातात घेऊन बघितला. त्याही बुटक्या. एकीनं विचारलं, मावशी, माझा पण कराल?

घरी येताना मी मुलाला म्हटलं, त्या दुकानदाराला एक दिवस आपल्या पत्र्याची किंमत विचारायला लावते.

२८ ऑक्टोबर

तलावात सहा वेळा उतरून झालं आणि आज कमरेच्या डाव्या खाचेपाशी पट्ट्याला लव सुटलेली दिसली. नुसती लव नाही, काठाचे सहा-सात धागे तुटलेत.

भाऊला बोलावलं. त्यानं पट्टा उलटसुलट केला. "पट्टा चांगला आहे ताई. कशाला तरी घासलाय."

"कशाला घासणार? खाच मी केलीय."

"तेच म्हणतोय, एकदा खाच बघ."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, शिळा माल बहिणीच्या गळ्यात मारताना लाज वाटली नाही का. ट्रकवरच्या गवताला हा पट्टा चालेल, माणसाला नाही. आणखीही बोलले. वडील गेल्यानंतर दुकान त्याला मिळालं तेही काढलं. सूनबाई मधे म्हणाली, "आई, मामांची चूक नसेल कदाचित." मी तिला म्हटलं, तू पाण्यातलं बघ. भाऊ चहा अर्धा ठेवून गेला.

मी बोलले ते बोलले. माल वाईट तर वाईट म्हणायचं नाही का?

३० ऑक्टोबर

बाजारातून दुसरा पट्टा आणला, दुप्पट महाग. सातही खाचांवर पुन्हा कानस आणि पॉलिश पेपर मारला, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून.

सूनबाई पडवीत येऊन बसली. "आई, बर कशी ओळखायची ते मला शिकवा ना."

चार वर्षांत तिनं मला काही शिकवा म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं, लपवत नाही. तिला सांगितलं, डोळा फसतो, उजेड फसवतो, बोट फसवत नाही. कमरेच्या डाव्या खाचेवर मी बोट फिरवलं. "हे बघ. लोणी. आता तू फिरव." तिनं फिरवलं आणि झटकन हात मागे घेतला. मूठ वळून बसली.

"काय झालं?"

"काही नाही. लोणी आहे," ती म्हणाली.

मुठीतून रक्ताचा थेंब पडला तेव्हा मला कळलं. तिचं कातडं मऊ आहे, सारखं पाण्यात भिजून भिजून. मी तिला पट्टी दिली आणि सांगितलं की हे काम सगळ्यांना येतं असं नाही, वाईट वाटून घेऊ नको. ती मग म्हणाली, "तुमची बोटं दाखवा." मी म्हटलं, फोड बरा झालाय, त्यात काय बघायचंय.

३ नोव्हेंबर

महागाचा पट्टाही त्याच जागी कातरला. आता मात्र गोष्ट गंभीर आहे.

सूनबाईचा मुकादम, म्हणजे तिच्या तुकडीचा मुख्य, त्यानं पत्रा नापास केलाय. कंपनीचा पत्रा तिला घालू देत नाही, कारण माकडहाड दुखावल्याचा डॉक्टरचा कागद आलाय. माझा पास होत नाही. म्हणजे ती काठावर बसून दुसऱ्यांच्या वेळा लिहिणार. बारा तारखेला मोठ्या पुलाच्या खांबांचं काम सुरू होतंय. नऊ तारखेपर्यंत पत्रा पास झाला नाही तर तिची जागा दुसऱ्याला देणार आणि मग ती परत कधी मिळेल ते कुणी सांगत नाही.

हे सगळं मुलानं सांगितलं. ती जेवली आणि भांडी घासत बसली.

उद्या मी त्या मुकादमाकडे जाणार. मुलगा म्हणाला, आई, तू जाऊ नको. म्हणजे जायलाच हवं.

४ नोव्हेंबर

लिहायला नको वाटतंय. पण ही वही खोटं लिहायला ठेवलेली नाही.

मुकादमाचं ऑफिस म्हणजे धक्क्यावरची पत्र्याची खोली. ओले सूट टांगलेले, टाक्यांची रांग. माणूस पन्नाशीचा, आवाज हळू. पत्रा त्याच्या टेबलावर ठेवून मी त्याला सगळं सुनावलं. एकतीस वर्षं, ऑपरेशनची टेबलं, एकाही नर्सचं बोट. त्यानं मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर उठला, औषधांच्या पेटीतून कापूस काढला आणि कमरेच्या डाव्या खाचेच्या आतल्या कडेवरून अलगद ओढला. कापसाचे तंतू कडेला अडकून राहिले. पांढरे, उभे.

मी म्हटलं, कापूस कशालाही अडकतो.

त्यानं तो उजव्या खाचेवरून ओढला. अडकला नाही. पुन्हा डावीवरून. अडकला.

"बोट फिरवा मावशी," तो म्हणाला.

फिरवलं. काही नाही. पुन्हा दाबून फिरवलं. काही नाही, गुळगुळीत. मी त्याला सांगायला तोंड उघडलं की बघा, आणि तेवढ्यात पत्र्यावर लाल रेघ दिसली. मला वाटलं त्याचं बोट कापलं. मग माझ्या मनगटावर ओघळ आला.

माझं बोट कापलं होतं आणि मला ते डोळ्यांनी बघून कळलं.

त्यानं पट्टी बांधून दिली. मी पत्रा पिशवीत घातला आणि चालत घरी आले.

५ नोव्हेंबर

सुई घेतली आणि डोळे मिटून दहाही बोटांना टोचून बघितली. दोन्ही करंगळ्यांना कळतं. डाव्या अंगठ्याला थोडं कळतं. बाकी सातांना नाही.

म्हणजे तो डॉक्टर खरंच टोचत होता.

६ नोव्हेंबर

सकाळपासून हिशेब लावतेय, मशीनच्या हादऱ्यांनी बोटं बधिर झाली ती कधीपासून असतील. गेल्या वर्षभरात माझ्या हातून किती ट्रे गेले. कुणा नर्सनं तक्रार केली असेल आणि मला कुणी सांगितलं नसेल. हे सगळ्यात वाईट आहे. राग करायला कुणी सापडत नाही.

सूनबाईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माझं बोट कापलं तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आई, तुम्ही कुणाला बोलू देता?"

मग ती म्हणाली, तुम्ही कानस चालवा, मी प्रत्येक कडेवर कापूस फिरवून सांगते, दोघी मिळून करू. चांगल्या मनानं म्हणाली. पण मला ते सोसलं नाही. कानस चालवताना क्षणाक्षणाला कळायला हवं, कुठे थांबायचं, कुठे अजून एक हात मारायचा. ते दुसऱ्याला विचारून होत नाही. विचारून करायचं तर मी मजूर झाले, कारागीर नाही. तिला नाही म्हटलं. ती उठून गेली आणि मला वाटलं, झालं, नऊ तारीख माझ्या तोऱ्यापायी जाणार.

७ नोव्हेंबर

स्टीलच्या पेल्यानं पाणी पीत होते. काठाला एका जागी चेपलंय, ते ओठाला लागलं. पेला कधीचा चेपलेला आहे. मी रोज त्याच पेल्यानं पिते आणि ती जागा टाळून पिते. बोटानं ती जागा शोधून बघितली. सापडली नाही. ओठाला लगेच सापडली.

तशीच पडवीत गेले. पत्रा व्हाइसमधून सोडवला आणि कमरेच्या डाव्या खाचेला खालचा ओठ लावून हळू सरकवला.

होती. आतल्या कडेला, खालच्या टोकाशी, दोन सेंटीमीटरभर. करवतीच्या दात्यासारखी. ओठ कापला, रक्त आलं, आणि मी एकटीच पडवीत हसत बसले. लागलं. चांगलंच लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लागलं.

मग कानस. दोन हात मारायचे, ओठ लावायचा. ओठ पोचत नाही तिथे जिभेचं टोक. मुलगा कामावरून आला तर मी पत्र्यात तोंड घालून बसलेली. तो दारातच थिजला. आतून सूनबाईला हाक मारली, "अगं बघ, आई पत्रा चाटतेय." ती धावत आली. एका मिनिटात तिच्या ध्यानात आलं. नवऱ्याला म्हणाली, "तू जा, कपडे बदल." आणि माझ्याजवळ पाण्याचा पेला आणि स्वच्छ फडकं ठेवून गेली.

चौदा कडांपैकी पाच कडांना बर होती. पाच. माझ्या लोण्याच्या चौदा कडा.

सगळ्या संपवल्या. ओठ सुजलाय, बोलता येत नाही. घरात शांतता आहे असं मुलगा म्हणतो.

८ नोव्हेंबर

भाऊच्या दुकानात गेले. तो मशीनवर होता, मान वर केली नाही. मी ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यावर बसले. पंधरा मिनिटं गेली असतील.

"पट्टा चांगला होता," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय. पत्रा वाईट होता."

त्यानं मशीन थांबवलं. "परत बोल. ऐकू आलं नाही."

"तुला दोन्ही वेळा ऐकू आलंय."

"आणि वडिलांच्या दुकानाचं काय बोललीस?"

ते बोलायला जड गेलं. पण बोलले. चूक झाली म्हटलं. त्या शब्दांत म्हटलं, आडून नाही. तो माझ्या ओठाकडे बघत होता. विचारलं, काय झालं? मग बोटांचं सगळं सांगितलं. भावाला सांगताना रडू आलं, आणि आता लिहितानाही येतंय. त्यानं माझा हात धरून एकेक बोट दाबून बघितलं, लहानपणी काटा बघायचा तसं. "इथे? इथे?" मी नाही, नाही म्हणत गेले.

निघताना त्यानं चार मीटर पट्टा कापून दिला. म्हणाला, हत्ती बांधण्याजोगा आहे.

९ नोव्हेंबर

मुकादमानं चौदाही कडांवर कापूस फिरवला. एकेका कडेवर तीनदा. मी श्वास धरून बघत होते. कापूस आला तसा गेला. शेवटी त्यानं बाकीचा कापूस पेटीत ठेवला आणि विचारलं, "कशानं तपासलंत?"

"तोंडानं," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी उलट बोलले. मग माझा ओठ दिसला. त्यानं वहीत पास लिहिलं आणि म्हणाला की आमच्यातल्या आणखी दोघींना असा पत्रा हवाय, पण मावशी, तुम्हाला हे झेपेल का? बोटांना कळत नाही. दुसऱ्या कुणाकडून...

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाचे पत्रे होते ना आजवर. त्यांची बोटं शाबूत होती आणि तुमच्या मुलींची हाडं फुटत होती. मला सहा आठवडे द्या. कापूस तुमचा, खुशाल फिरवा. एक तंतू अडकला तर परत करा."

त्यानं दोघींची मापं घ्यायला कधी पाठवू ते विचारलं.

१२ नोव्हेंबर

पहाटेच गेलो. मोठा पूल, मधला खांब. पाणी गढूळ, अठरा मीटर खोल आणि खाली काही दिसत नाही, हातानं चाचपत तपासायचं. मला धक्क्यावर येऊ देणार नव्हते. मी आले.

सूनबाईनं सूट चढवला, पत्रा पाठीवर घेतला, बकल लावलं. सगळं ती रोज करते तसं. मी इतके दिवस सगळ्यांशी भांडत होते ते हिला इथे उतरवायला. हे मला आज धक्क्यावर कळलं. जाऊ नको म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. ते म्हणण्याचा हक्क मी चार वर्षांपूर्वी वापरून संपवलाय.

त्याऐवजी जवळ जाऊन म्हटलं, "माझ्यावर विसंबू नको. पाण्यात जायच्या आधी तू स्वतः कापूस फिरव. माझ्यासमोर फिरव, मला राग नाही येणार."

ती पट्टा आवळत म्हणाली, "सकाळी फिरवला. तुम्ही अंघोळीला गेला होतात तेव्हा."

"आजच?"

"पहिल्या दिवसापासून. प्रत्येक वेळी."

मला अर्थ लागायला वेळ लागला. "म्हणजे पहिल्यांदा तलावात उतरलीस तेव्हा तुला माहीत होतं, खाचेला बर आहे?"

"होतं."

"बोट कापलं तेव्हा कळलं म्हणालीस ना?"

"तेव्हा तुमच्या बोटांचं कळलं. खाचेचं आधीच कळलं होतं. मला वाटलं, एखादी कड राहून गेली असेल."

"मग उतरलीस कशाला?"

"तलाव बारा फूट खोल आहे आई. पट्टा तुटला असता तर एका दमात वर आले असते. आणि तुम्ही काठावर उभ्या होतात. महिनाभरात पहिल्यांदा एवढ्या खुशीत होतात."

मला राग यायला हवा होता. आलाच. म्हटलं, मूर्ख आहेस. एवढ्यासाठी कुणी बर असलेला पत्रा बांधतं? ती म्हणाली, "बघा, राग नाही येणार म्हणालात." आणि तोंडात नळी घालून पाण्यात गेली.

मुकादमानं खुर्ची आणून दिली. बसले नाही. बुडबुडे दिसतात तोवर काळजी नाही असं तो सांगत होता. मी बुडबुडे बघत होते. प्रवाहानं ते वेडेवाकडे होत, कधी खांबामागे जात, मग मी त्याचं घड्याळ ओढून बघे. एकावन्न मिनिटं.

ती वर आली. शिडी धरली, पाणी निथळत एकेक पायरी चढली, मुखवटा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती रबराचे वळ, नाक लाल, ओठ थंडीनं निळे. मुकादम म्हणाला, "मावशी, या, पट्टा बघून घ्या, कमरेची डावी खाच."

मी खाचेकडे बघितलंच नाही. मी तिचं तोंड पुसत होते. पट्टा घरी आल्यावर बघितला, एकही धागा सुटला नव्हता.